चुकीच्या जागी शिवलेला फर्मा

मे महिन्यातल्या एका रविवारी मी आमच्या देवळात, सगळ्या मंडळीसमोर उभा राहून, खणखणीत आवाजात भलताच अध्याय वाचला. देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती देऊळ. रत्नागिरीतले आम्ही मूठभर ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणायचो, आणि त्यावरून शेजाऱ्यांच्यात नि आमच्यात कधी गोंधळ झाल्याचं मला आठवत नाही. पाळकसाहेबांनी आदल्या दिवशी चिठ्ठी पाठवली होती: वाचन, स्तोत्र तिसावं, शमुवेल. शमुवेल म्हणजे मी. नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली, ओठावर मिशीची नुसती अफवा, अंगात आईने शिवलेला पांढराशुभ्र सदरा. स्तोत्रं बायबलच्या मधोमध असतात हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ते भलंमोठं बायबल मधोमध उघडलं, दोनचार पानं उलटली, तीस हा आकडा दिसला आणि सुरू झालो.

पहिल्याच वचनात मोशे इस्राएलाच्या प्रमुखांशी बोलू लागला. स्तोत्रात मोशे कुठून आला, अशी शंका मला आली नाही असं नाही. पण स्तोत्रं रचणाऱ्या दावीद राजाला आज त्याची आठवण झाली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पुढे गेलो. आमच्याकडे देवाचं वचन वाचायला एकदा सुरुवात झाली की मध्ये थांबवायची पद्धत नव्हती. मागे एकदा वाचन चालू असताना कौलातून विंचू पडला होता, तेव्हा मंडळी पाय वर घेऊन वाचन संपेपर्यंत तशीच बसली होती. त्यामुळे मलाही कुणी थांबवलं नाही. नवसांचा विषय निघाला. पुरुषाने केलेला नवस त्याने फेडलाच पाहिजे. बाईने नवस केला आणि तो नवऱ्याच्या कानावर गेला, तर ज्या दिवशी कानावर गेला त्याच दिवशी तो मोडायचा अधिकार नवऱ्याला आहे. मग देव तिला क्षमा करील. पण नवरा ऐकून गप्प बसला, तर त्याचं गप्प बसणं हाच होकार, आणि नवस पक्का. आणि असा गप्प बसून त्याने नंतर कधी तो मोडला, तर तिच्या दोषाचा भार त्याच्यावर. इथपर्यंत आलो आणि वाचणाऱ्याने अधूनमधून मान वर करावी, ही पाळकसाहेबांची शिकवण आठवून मी मान वर केली. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर आई बसली होती. तिने पदर तोंडाशी धरला होता. पुरुषांच्या बाजूला बाबा होते, आणि ते माझ्याकडे नाही, आईकडे बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय वाचतो आहोत. वरच्या समासात ठळक अक्षरात 'गणना' असं छापलेलं होतं, म्हणजे स्तोत्रांच्या कितीतरी आधी येणारं मोशेच्या नियमशास्त्राचं पुस्तक. पाळकसाहेब "आमेन" म्हणाले आणि घाईघाईने पुढचं गीत सांगितलं. नेमलेलं स्तोत्र तसंच राहिलं.

बाहेर पडताना म्हाताऱ्या मार्थाबाईंनी मला पायरीवर गाठलं. "चांगला वाचलास रे शमू," त्या म्हणाल्या. "पण बायकांचं एवढं सगळं देवळात मी पहिल्यांदाच ऐकलं हो."

ही चूक नुसती माझ्या डोळ्यांची नव्हती, हातांचीही होती. बाबा पुस्तकबांधणी करायचे. आमच्या घराची पुढची पडवी म्हणजे त्यांचा कारखाना. कोर्टाची रजिस्टरं, शाळांची हजेरीबुकं, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, मशिदीतल्या मौलवींची किताबं, भटजींची पंचांगं, सगळं त्या पडवीत जांभ्याच्या भिंतीला टेकून एकावर एक बसलेलं असायचं आणि एकमेकांशी अजिबात भांडायचं नाही. माझ्या लहानपणाचा वास म्हणजे खळीचा वास. मैद्याची खळ, तिला कसर लागू नये म्हणून टाकलेलं मोरचूद, आणि मागल्या दाराने येणारा तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणाचा वास. आणि आवाज म्हणजे टोच्याचा. सोळा-सोळा पानांचा एकेक गठ्ठा, त्याला फर्मा म्हणतात, तो घडीवर धरायचा, टोच्याने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवायचा. मग सगळे फर्मे क्रमाने लावून, शिवून, शिकंज्यात दाबायचे. शिकंज्याचा स्क्रू शेवटचा आवळताना करकरायचा, आणि तो करकरला की आई आतून म्हणायची, "जेवायला या." तिला वेगळं घड्याळ लागत नसे.

देवळातलं व्यासपीठावरचं बायबल त्या वर्षी कसरीने खाल्लं म्हणून आमच्याकडे बांधायला आलं होतं. फर्मे लावायचं काम बाबांनी विश्वासाने माझ्यावर टाकलं. मी ते केलं, पण शेजारच्या रेडिओवर त्या दिवशी कसोटी सामन्याचं धावतं वर्णन चालू होतं, आणि आपला शेवटचा धड फलंदाज खेळत होता. तो बाद झाला त्या सुमारास केव्हातरी गणनेतला एक फर्मा स्तोत्रांत गेला आणि स्तोत्रांतला एक गणनेत. बाबांनी शिवण तपासली, कडा तपासल्या, सोनेरी अक्षरं तपासली. क्रम तपासला नाही. पोरगा उद्या पाळक व्हायचा आहे, त्याला बायबलचा क्रम येत नसेल, असं त्यांना कसं वाटावं?

कारण मी पाळक होणार हे मी जन्मायच्या आधीच ठरलं होतं. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली. एक आठ दिवसांची, एक सात महिन्यांचा. माझ्या वेळी ती दवाखान्यात असताना तिने देवाला शब्द दिला की हे मूल जगलं तर मी ते तुझ्या सेवेला देईन. शास्त्रात हन्नेने असाच नवस केला होता, आणि शमुवेल झाल्यावर, त्याचं दूध तुटताच, त्याला नेऊन मंदिरात ठेवलं होतं. म्हणून माझं नाव शमुवेल. हन्ना आपल्या मुलाला दर वर्षी एक लहानसा झगा शिवून न्यायची, असंही तिथं लिहिलेलं आहे. म्हणून आई दर नाताळाला मला एक पांढरा सदरा शिवायची. शाळेत पोरं मला बगळा म्हणत. मी पोहायला शिकलो नाही, कारण समुद्र. झाडावर चढलो नाही, कारण झाड. आमच्या आळीतली सगळी पोरं भाट्याच्या पुळणीवर लाटांत लोळायची आणि मी बगळ्यासारखाच काठावर, त्यांच्या चपला सांभाळत. आईचं म्हणणं साधं होतं. दोन देवाने न विचारता नेली. तिसरं मागून घेतलं आहे. दुसऱ्याची वस्तू आहे, जपून वापरायची आणि वेळ झाली की परत करायची.

आज माझं वय बाबांच्या त्या वेळच्या वयापेक्षा बरंच पुढे गेलं आहे, आणि मला आईचा राग येत नाही. तेव्हाही फारसा येत नव्हता. मला भीती वाटायची. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीचा अर्ज येऊन पडला होता, पाळकसाहेबांची शिफारस तयार होती, जूनमध्ये जायचं होतं, आणि मला प्रार्थनाच करता येत नव्हती. म्हणजे मोठ्याने करता यायची. उत्तम यायची. मार्थाबाई तर म्हणायच्या, पोराच्या जिभेवर आत्मा बसलाय. पण एकटा डोळे मिटून बसलो की मला पलीकडे कुणी आहे असं काही केल्या वाटायचं नाही. वाटायचं ते एवढंच, की आता मिरकरवाड्याच्या धक्क्यावर इब्राहिमचाचा कुठल्या बोटीचं इंजिन खोलून बसला असेल. चाचा पूर्णगडचा, नव्या यांत्रिक बोटींचा मेकॅनिक. वर्षभर मी घरी लायब्ररीत जातो सांगून त्याच्याकडे जात होतो. तो मला पाद्री म्हणायचा. "पाद्री, तो चौदाचा पाना दे." डिझेलचं थंड पडलेलं इंजिन तीनदा खोकून चौथ्यांदा धरतं, तेव्हा माझ्या छातीत जे व्हायचं, ते देवळात कधी झालं नाही. मला आयटीआयला जायचं होतं. हे बोलायचं कसं, हा प्रश्न होता, कारण हे बोलणं म्हणजे आईला सांगणं की तुझं तिसरंही मूल गेलं समज.

त्या रविवारी आम्ही देवळातून घरी चालत आलो. आईने सदऱ्याच्या बाह्या वर करायलाही मला सांगितलं नाही. जेवायला सौंदाळे तळलेले होते आणि आमसुलाचं सार होतं. बाबांनी अर्ध्या जेवणावर हात धुतला, आतून घरचं बायबल आणलं, गणना काढली आणि तो अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात वाचला. मग परत वाचला. ते हळू वाचायचे, ओठ हलायचे. मग चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला.

"मी ऐकला होता," ते म्हणाले.

आई म्हणाली, "जेवा आधी."

"दवाखान्यात तू मला सांगितलंस. मी ऐकलं आणि गप्प बसलो. मला वाटलं, बाई घाबरली आहे, दोन गेलेली आहेत, बोलू दे. मी हो म्हटलं नव्हतं."

"नाही पण म्हटलं नव्हतं तुम्ही."

"तेच तर इथं लिहिलंय."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. अठरा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. "शमू, तुला जायचंय का तिकडे?"

अशा प्रसंगी माणसाने काहीतरी लक्षात राहण्याजोगं बोलावं. मी विचारलं, "तिकडे जेवण कसं असतं?" बाबा बघतच राहिले. मग मी म्हणालो, "नाही. मला नाही जायचं." आणि इब्राहिमचाचाचं सगळं सांगून टाकलं, लायब्ररीसकट. आईने माझ्याकडे बघितलं नाही. तिने माझं ताट उचललं, त्यात अजून भात होता, आणि ती आत गेली. मोरीत भांडी घासल्याचा आवाज खूप वेळ येत राहिला. तेवढी भांडी नव्हती.

सोमवार ते बुधवार आई माझ्याशी चांगली वागली. ते फार भयंकर होतं. तिने घावणे केले, फणसाची भाजी केली, मला आवडतात म्हणून नारळाचा चव घातलेल्या करंज्या केल्या, आणि मी खात असताना समोर बसून बघत राहिली. निघालेल्या माणसाला वाढतात तसं ती मला वाढत होती. शिंक आली तरी कपाळाला हात लावायची. बुधवारी दुपारी मी म्हटलं, "आई, मला काही होत नाही." ती म्हणाली, "त्या दोघांनाही काही होत नव्हतं."

गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनासभा असायची. त्या गुरुवारी पाऊण मंडळी लग्नांना गेलेली, त्यामुळे आले ते पाळकसाहेब आणि मार्थाबाई. पाळकसाहेब भला माणूस. सायकलवरून यायचे, पॅन्टला क्लिप लावलेली असायची आणि ती काढायची विसरून तशीच प्रार्थना करायचे. बाबांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "साहेब, नवस मोडायचा तर त्याची रीत काय?"

"आपल्यात नवस नसतात हो," साहेब म्हणाले. "आपल्यात समर्पण असतं."

"छापलंय नवस. मी शिवलंय ते पान."

साहेबांना रविवारचं आठवलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि समजावून सांगायला लागले, आणि मी आजही म्हणेन की त्यांनी चांगलं सांगितलं. ते सगळं नियमशास्त्र, ते इस्राएल लोकांसाठी, अरण्यातल्या माणसांसाठी. प्रभूने तर शपथच वाहू नका म्हटलं. आईबापांना जे द्यायचं ते देवाला वाहिलं आहे असं म्हणून हात झटकणाऱ्यांना त्याने ढोंगी म्हटलं. "आणि दोषाचं म्हणाल, तर सगळ्यांचा दोष वधस्तंभावर एकदाच वाहून झाला. आता कुणी कुणाचा वाहायचा नाही. तो अध्याय आपल्याला लागू नाही."

बाबांनी टोच्याची मूठ चोळली. "लागू नाही तर ठेवलाय कशाला?"

"आहे म्हणून ठेवला. वाचावा, समजून घ्यावा."

"साहेब, माझ्याकडे पुस्तक येतं, त्यातला एक फर्मा लागू नाही म्हणून मी टाकून देत नाही. मला सगळे शिवावे लागतात. एक काढला की शेजारचे ढिले होतात."

तोवर आई दारात येऊन उभी राहिली होती. ती सभेत कधी बोलत नसे. "साहेब," ती म्हणाली, "हन्नेने दिला ना शमुवेल?"

"दिला, बाई."

"मग तिने फेडला तो खरा आणि मी मागे फिरले तर मी लबाड, एवढंच ना?"

"तसं नाही," साहेब गडबडले. माणूस गडबडला की दुसरं उदाहरण काढतो. "असं बघा, शास्त्रातल्या इफ्ताहानेही नवस केला होता. जय मिळाला तर घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल ते होमबली म्हणून अर्पण करीन म्हणाला. आणि त्याची एकुलती एक मुलगी सामोरी आली. त्याने तो नवस फेडला. तो काही चांगला झाला का?"

हे बोलल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. मार्थाबाईंनी जीभ चावली. आईने चौकट धरली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे फेडला तरी मूल जातं आणि नाही फेडला तरी जातं. मग आईनं करायचं काय, ते कुठल्या अध्यायात आहे? तेवढं सांगा, मी तसं करते."

पाळकसाहेबांनी रिकाम्या कपातून चहाचा घोट घेतला. मी त्यांना दोष देत नाही. नंतर मी पुष्कळ पाळकांना, पुष्कळ आडवळणांनी हा प्रश्न विचारला, आणि प्रत्येकाने काही ना काही रिकामं तोंडाला लावलं. साहेबांनी निदान कप खाली ठेवून म्हटलं, "मला ठाऊक नाही, बाई."

बाबा उठून उभे राहिले. घरच्या सभेत कुणी उभं राहत नसे, म्हणून आम्हीही अर्धवट उठलो. त्यांच्या बोटांना वाळलेली खळ होती, ती ते दुसऱ्या हाताने खरवडत होते. "हिचा नवस मी आज मोडतो," ते म्हणाले. "ऐकला त्या दिवशी मोडायला हवा होता. अठरा वर्षं उशीर झाला. उशिराचं काय होतं तेही तिथंच लिहिलंय. हिचा जो काय दोष असेल तो माझ्यावर. पोरावर नाही, हिच्यावर नाही." मग त्यांना पुढे काय करायचं ते सुचेना. ते साहेबांना म्हणाले, "प्रार्थना करा."

"काय म्हणून करू?"

"जेवणाची करा. थांबा जेवायला."

साहेबांनी जेवणावर प्रार्थना केली. आमेन म्हणायला आईचा आवाज नव्हता. आणि मला काय वाटलं, ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर हे लिहायचंच कशाला. मला आनंद झाला. बाप माझ्यासाठी देवापुढे गुन्हा अंगावर घेत होता आणि मी मनात हिशेब करत होतो की आयटीआयचे फॉर्म कधी सुटतात. दोन वेळा भात घेतला मी.

दुसऱ्या दिवशी बाबांनी देवळातलं बायबल परत आणलं, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि सुरी दिली. नवीकोरी शिवण मला उसवायला लावली. ते दोन्ही फर्मे मी काढले, आपापल्या जागी लावले, आणि बाबांनी शेजारी बसून एकेक फर्मा मोजून घेतला. ओरडले नाहीत. शेवटी शिकंजा आवळताना एवढंच म्हणाले, "इंजिनात असं करू नकोस. तिथं माणसं बुडतात."

मी आयटीआयला गेलो. बोटीवर पहिल्यांदा चाचणीला निघालो त्या दिवशी आई धक्क्यावर आली नाही, पण परतल्यावर कळलं की दुपारभर ती पडवीत बसून होती आणि तिने बाबांना शिकंजा आवळू दिला नव्हता. पोरगा जेवायला घरात नसताना तो आवाज नको म्हणाली. नाताळ आला. दर वर्षीसारखा तिने कागदात गुंडाळलेला सदरा माझ्या उशाशी ठेवला. मी उघडला तर तो तपकिरी होता. जन्मात पहिल्यांदा मला रंगाचा सदरा मिळाला. मी तो हातात धरून स्वयंपाकघरात गेलो. ती करंज्या तळत होती. मागे न बघता म्हणाली, "ग्रीसचे डाग पांढऱ्यावरून निघत नाहीत." त्या विषयावर ती माझ्याशी आयुष्यात जे बोलली ते एवढंच.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण चारेक वर्षांनी बाबांचा उजवा हात गेला. एकदम नाही. आधी टोचा हातातून निसटायला लागला, मग दोरा ओवता येईना, मग पेला धरता येईना. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं एकाच जागी दाब दिल्याने शीर धरली आहे, या कामातल्या लोकांना होतं. आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. आणि आम्ही तिघांनीही, मला पक्कं ठाऊक आहे, गणनेतला तो अध्याय आठवला. कुणी काढला नाही तो विषय. आई पडवीत बसून फर्मे शिवायला शिकली. बाबा शेजारी बसून सांगायचे, ती शिवायची. तिची शिवण त्यांच्यापेक्षा बारीक होती, हे ते गिऱ्हाइकांना स्वतःहून सांगत. एकदा मी बंदरावरून लवकर घरी आलो. दोघांची पाठ माझ्याकडे होती. आई त्यांच्या हाताला तेल चोळत होती, एकेक बोट ओढून. ती म्हणाली, "माझा होता तो दोष. तुम्ही उगाच घेतलात."

बाबा म्हणाले, "लेखी आहे ते. आता बदलत नाही."

"परत द्या म्हटलं तर?"

"हात तर देतोय तुला रोज. अजून काय देऊ?"

आणि दोघं हसली. मी पडवीच्या पायरीवरून तसाच मागे फिरलो आणि धक्क्यावर जाऊन बसलो. ते हसत होते हे मला ऐकू आलं होतं, पण मी सोबत घेऊन गेलो ते हसणं नाही, फक्त आईचं पहिलं वाक्य. माणूस असा आहे.

बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आईही गेली. मी सत्तावन्न बोटींची इंजिनं खोललेली मोजली आणि मग मोजणं सोडलं. मी देवळात जातो. विश्वास आहे का, असं कुणी विचारलं तर मी अजून जेवणाचाच विषय काढतो. पण रात्रंदिवस नसला तरी एक प्रश्न पाण्याखालच्या खडकासारखा आहे, ओहोटी लागली की दिसतो: बाबांचा हात देवाने घेतला, टोच्याने घेतला, की मी? साहेबांचं म्हणणं खरं धरलं, तर कुणाचा दोष कुणाला वाहावाच लागत नाही आणि हात हा नुसता हात होता. बाबांचं खरं धरलं, तर एकही फर्मा टाकता येत नाही. मला दोन्ही खरी वाटतात आणि त्या दोहोंत माझी शिवण बसत नाही.

हे इथवर लिहून झालं आणि मी ते बायकोला वाचून दाखवलं. सुनंदा नगरकडची, ख्रिस्ती शिक्षकाची मुलगी. तिच्या बोलण्यात आमच्याकडचा हेल नाही आणि आमच्याकडची आडवळणंही नाहीत. ती लसूण सोलत ऐकत होती. मधे एकदा डोळे पुसले, ते लसणाने नसावेत. मला वाटलं, आता म्हणेल, तुमचा काही दोष नाही हो. त्यासाठीच वाचलं होतं, हे कबूल करतो.

तिने सालं पदरातून झटकली. "फर्मे दोन चुकले होते ना?" ती म्हणाली. "गणनेतला तिकडे गेला आणि स्तोत्रांतला इकडे. मग तुम्ही चाळीस वर्षं एकच का वाचत बसलाय? त्या दिवशी तुम्हाला नेमून दिलेलं स्तोत्र कुणी वाचलंच नाही. रडणं रात्रीच्या मुक्कामाला आलं तरी पहाटे आनंद येतो, असं आहे त्यात; ते काढा आता. हा घ्या चष्मा. मोठ्यानं वाचा, मी ऐकतीये."